निळा वंदा : खासी टेकड्यांतील एका आमरीची हकीकत

सह्याद्रीच्या आश्रयानें राहणाऱ्या माणसास ‘ऑर्किड’ हा शब्द परका वाटला तरी ती वस्तु परकी नाहीं. पावसाळ्याच्या तोंडाशीं एखाद्या जुन्या झाडाच्या फांदीवरून गुलाबी-पांढऱ्या फुलांचा लांब घोस खालीं लोंबूं लागतो, त्यास महाराष्ट्रांत ‘सीतेची वेणी’ म्हणतात. या सबंध वर्गास ‘आमरी’ असेंहि एक मराठी नांव आहे. सीतेच्या वेणीलाच आसामांत ‘कपौफूल’ म्हणतात, आणि वसंतांतील बिहूच्या सणांत तीं फुलें तेथील तरुणींच्या अंबाड्यांत माळलेलीं दिसतात. याच आसामच्या दक्षिणेस, ब्रह्मपुत्रेचें खोरें एका हाताला आणि सिल्हटचा सखल प्रदेश दुसऱ्या हाताला ठेवून, खासी व जैंतिया लोकांचा डोंगराळ मुलूख पसरलेला आहे. आज हा मुलूख मेघालय राज्यांत मोडतो. या मुलखांतील एका निळ्या आमरीनें शंभर-सवाशें नव्हे, तर पाऊणदोनशें वर्षांपूर्वीं विलायतेंतील धनिकांची झोप उडविली होती. तिची हकीकत येथें सांगावयाची आहे.

या आमरीचें शास्त्रीय नांव वँडा सेरुलिआ. सेरुलिआ म्हणजे लॅटिन भाषेंत आकाशासारखा निळा. वँडा हा मात्र आपला संस्कृत ‘वंदा’च होय. झाडावर उगवणाऱ्या बांडगुळास संस्कृतांत वंदा, वंदाक अशीं नांवें आहेत. कलकत्त्याच्या वरिष्ठ न्यायालयाचे न्यायाधीश आणि संस्कृताचे प्रसिद्ध अभ्यासक सर विल्यम जोन्स यांनीं हें नांव बंगालमधील एका आमरीस लावलें. त्यांचा तो लेख त्यांच्या मृत्यूनंतर, १७९५ सालीं, ‘एशियाटिक रिसर्चेस’ या ग्रंथमालेंत छापला गेला. पुढें १८२० सालीं रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञानें एका संपूर्ण वंशास तेंच नांव देऊन तें शास्त्राच्या दप्तरीं कायम केलें. नांव गोड आहे, पण त्यांत या बिचाऱ्या वनस्पतीवर थोडा अन्याय झाला आहे. बांडगूळ झाडाच्या अंगांत मुळें खुपसून त्याचा रस शोषतें. वंदा झाडाकडे बसावयास जागा मागतो, त्याहून अधिक कांहीं घेत नाहीं. त्याचें अन्न ऊन, पाऊस, धुकें आणि वाऱ्यानें आणून टाकलेली धूळ यांवर होतें. भाडेकरू आणि चोर यांत जो भेद आहे तोच वंदा आणि बांडगूळ यांत आहे. परंतु कोशकारांनीं दोघांस एकाच नांवाखालीं बसविलें.

आतां त्याचें रूप पाहूं. वंद्याला जमिनींत कंद नसतो, कीं फांदीवर गड्ड्यासारखा फुगवटा नसतो. एकच चिवट खोड वर वर वाढत जातें आणि त्याच्या दोन बाजूंस पट्ट्यांसारखीं जाड पानें दोन रांगांत बसतात. खोडांतून निघणारीं मुळें बोरूएवढीं जाड असून तीं झाडाच्या सालीवर इतस्ततः पसरतात, कांहीं तर सरळ हवेंत लोंबकळतात. या मुळांवर चंदेरी रंगाचें एक सच्छिद्र आवरण असतें. पावसाची सर येतांच तें टिपकागदासारखें पाणी ओढून घेतें आणि मूळ हिरवेंगार दिसूं लागतें. ऊन पडलें कीं तें पुनः वाळून पांढुरकें होतें. हें ओलें होणें आणि वाळणें वंद्याच्या जीविताचा श्वासोच्छ्वासच म्हणावयाचा. मूळ सतत भिजलेलें राहिलें तर कुजतें. पुढील सगळ्या हकीकतीची किल्ली याच एका गोष्टींत आहे.

फुलें पावसाळा सरतां सरतां येतात. एका दांडीवर पांच-दहा, क्वचित् पंधरा फुलें. प्रत्येक तीन-चार इंच रुंद. फिकट आकाशी रंग आणि त्यावर गडद निळ्या रेषांची, कोणी रेशमांत विणावी तशी, जाळी. निळा रंग आमऱ्यांत फार दुर्मिळ. त्यांत हीं फुलें तीन-चार आठवडे टिकतात. मणिपुरांत यास ‘क्वाकलै’ म्हणतात आणि सयामांत, म्हणजे आजच्या थायलंडांत, ‘फा मुइ’. खासी टेकड्यांपासून मणिपूर, नागालँड, मिझोराम, ब्रह्मदेश, उत्तर सयाम आणि चीनच्या युनान प्रांतापर्यंत त्याचें घर पसरलें आहे. परंतु पाश्चात्य शास्त्राला त्याची ओळख झाली ती खासी मुलखांत.

ती करून देणारा मनुष्य विल्यम ग्रिफिथ. हा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींतील तरुण डॉक्टर. आसामांत चहाचीं झाडें रानांत आपोआप उगवतात या बातमीची शहानिशा करण्यासाठीं कंपनी सरकारनें १८३५ सालीं जें मंडळ पाठविलें, त्यांत वॉलिच व मॅक्लेलंड यांच्या बरोबर तोहि होता. चहाचें काम संपलें तरी ग्रिफिथचे पाय थांबले नाहींत. १८३७ सालीं खासी टेकड्यांत त्याला हा निळा वंदा दिसला. १८४५ सालीं, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षीं, तो मलाक्का येथें वारला. त्याच्या नमुन्यांवरून व टिपणांवरून जॉन लिंडले या इंग्रज पंडितानें १८४७ सालीं या आमरीचें वर्णन प्रसिद्ध केलें. म्हणजे सांपडल्यानंतर दहा वर्षांनीं तिला नांव मिळालें, आणि तोंवर इंग्लंडांत तिचें जिवंत फूल कोणींच पाहिलेलें नव्हतें.

न पाहिलेल्या वस्तूची हाव अधिक असते. त्या काळीं इंग्लंडांत आमऱ्यांचें वेड शिगेस पोंचत होतें. काचेवरील कर १८४५ सालीं उठला आणि लहानसहान सरदारहि बागेंत कांचगृह बांधूं लागला. मोठ्या सरदारांची गोष्ट तर बोलावयासच नको. डेव्हनशायरच्या ड्यूकनें १८३५ सालींच आपला एक माळी, जॉन गिब्सन, खास झाडें आणण्यासाठीं हिंदुस्थानांत धाडला होता. (पुण्याजवळ दापोडीच्या सरकारी बागेचे अधिकारी आणि पुढें मुंबई इलाख्याचे जंगल-अधिकारी झालेले डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन ते निराळे, दोघे एकाच काळांतले असल्यानें घोटाळा होण्याचा संभव आहे.) या माळी गिब्सननें चेरापुंजीस मुक्काम ठोकून आमऱ्यांच्या पेट्यांवर पेट्या भरल्या आणि १८३७ सालीं तो परत गेला. चेरापुंजीचें नांव त्यामुळें विलायतेंतील फुलांच्या व्यापाऱ्यांच्या तोंडीं बसलें.

या व्यापाराची रीत समजून घेतली पाहिजे. खासी हमाल वेताच्या शंक्वाकृति टोपल्या पाठीवर घेऊन आणि त्यांचा पट्टा कपाळास अडकवून डोंगर उतरत. खालीं सिल्हटच्या मैदानांत होड्या, होड्यांतून कलकत्ता, कलकत्त्याहून गलबत. सुएझचा कालवा १८६९ सालीं खुला झाला. त्याआधीं हा प्रवास आफ्रिकेला वळसा घालून होत असे आणि त्यास महिनेच्या महिने लागत. खाऱ्या हवेनें, थंडीनें, पेटींतील कुजटपणानें बहुतेक झाडें वाटेंतच मरत. जीं कशीबशीं जगत त्यांचें पुढें काय होई? त्यांस कांचगृहांत ठेवीत. विलायतेंतील माळ्यांची अशी ठाम समजूत होती कीं, ‘पूर्वेकडील’ वनस्पति म्हणजे उष्ण कटिबंधांतील, आणि उष्ण कटिबंध म्हणजे दमट, कोंदट, घामट जंगल. म्हणून ते भट्टी पेटवून, सर्व दारें-खिडक्या घट्ट लावून, आंत वाफ कोंडून ठेवीत. परदेशीं आमऱ्या या वाफेच्या खोलींत हजारोंनीं मेल्या. कित्येक जाती आपल्या जन्मभूमींत कशा राहतात हें विचारण्याचें कोणास सुचलें नाहीं; आणि सुचलें तरी ते सांगणार कोण? गोळा करणाऱ्या माणसास फुलाची किंमत ठाऊक असे, पत्ता तो लपवून ठेवी.

ज्यानें हा पत्ता जगासमोर मांडला तो जोसेफ डाल्टन हूकर. याचे वडील लंडनजवळच्या क्यू येथील राजेशाही वनस्पति-उद्यानाचे मुख्य. पुढें १८६५ सालीं तो स्वतःहि त्याच जागीं बसला. दार्जिलिंग व सिक्कीम येथें दोन वर्षें भटकून, १८४९ च्या अखेरीस सिक्कीमच्या दिवाणाच्या कैदेंत कांहीं आठवडे काढून, १८५० सालीं तो आपला मित्र थॉमस थॉमसन याजबरोबर खासी टेकड्यांत उतरला. चेरापुंजीस त्या दोघांनीं पर्जन्यमापक मांडला. त्यांच्या सात महिन्यांच्या मुक्कामांत पाचशें इंचांहून अधिक पाऊस पडला, आणि एका दिवस-रात्रींत तर तीस इंच. मुंबईंत सबंध पावसाळ्यांत जेवढा पाऊस होतो त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतका हा एका दिवसाचा पाऊस! निळा वंदा मात्र या पावसाच्या तोंडाशीं राहत नाहीं. दक्षिणेकडील कड्यावर आदळून ढग रिते झाले कीं थोडक्याच मैलांच्या आंत पाऊस झपाट्यानें कमी होतो, आणि तेथून पुढें जें उघडें, गवताळ, उंच-सखल पठार लागतें तें वंद्याचें घर.

चेरापुंजीच्या आसपास हूकरला काय दिसलें तें त्यानें वडिलांस लिहिलेल्या पत्रांत सांगितलें आहे. कलकत्त्याच्या सरकारी उद्यानाचे प्रमुख फाल्कनर यांचे वीस-तीस लोक तेथें आमऱ्या गोळा करीत होते. त्यांनीं नुकत्याच एक हजार टोपल्या खालीं रवाना केल्या होत्या. एक्झीटर येथील व्हीच नांवाच्या प्रख्यात व्यापारी घराण्याचा माणूस थॉमस लॉब तेथेंच होता. याशिवाय कंपनीच्या अंमलदारांनीं पाठविलेले लोक, अंमलदारांचे स्नेही, त्या स्नेह्यांचे स्नेही. मैलच्या मैल रस्ता वादळानें झोडपल्यासारखा दिसे. तोडलेल्या फांद्या आणि कुजणाऱ्या आमऱ्या यांचा खच पडलेला. कारण आमरी फांदीवरून अलगद सोडवीत बसण्यास वेळ कोणाला? फांदीच तोडावयाची, किंवा झाडच पाडावयाचें, चांगलीं दिसतील तीं रोपें टोपलींत टाकावयाचीं, आणि उरलेलीं तेथेंच सोडावयाचीं. हें सर्व पाहून हूकर हळहळला. परंतु तोहि क्यूच्या उद्यानासाठीं गोळा करावयासच आला होता, हें विसरून चालणार नाहीं.

त्या वर्षीं पावसाळा संपल्यावर जैंतियांच्या बाजूस प्रवास करीत असतां लेर्नाई नांवाच्या खेड्याजवळ ओकच्या विरळ राईंत त्याला निळा वंदा सांपडला. एखाद-दुसरें रोप नव्हे. झाडाझाडावर, फांदीफांदीवर निळे तुरे वाऱ्यानें डुलत होते. त्यानें फुलांच्या तीनशें साठ दांड्या तोडून आणविल्या आणि मुक्कामाच्या जागीं जमिनीवर त्यांचे तीन ढीग घातले. प्रत्येक ढीग एक एक वार उंच झाला. यांतील एकच दांडी लंडनच्या पुष्पप्रदर्शनांत नेतां आली असती तर काय बहार होती, अशी हुरहूर त्याच्या लिहिण्यांत उमटली आहे. आजच्या वाचकास ते तीन ढीग निराळ्याच तऱ्हेनें डोळ्यांपुढें येतात.

पण हूकर केवळ फुलें तोडून थांबला नाहीं. तो खरा निरीक्षक होता. १८५४ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘हिमालयन जर्नल्स’ या दोन भागांच्या प्रवासवर्णनांत त्यानें त्या राईचें जें चित्र दिलें आहे त्याच्या तोडीचें वर्णन त्या काळांतील दुसऱ्या कोणत्याहि आमरीस लाभलें नसेल. जागेची उंची तीन ते चार हजार फूट. डोंगर कोरडे, गवताचे. झाडें ठेंगणीं, वेडींवांकडीं, पानें थोडीं. त्यामुळें फांदीवर बसलेल्या वंद्यास ऊन, पाऊस आणि वारा तिन्ही थेट लागतात. फांदीवर शेवाळ नाहीं कीं दगडफूल नाहीं. मुळें कोरड्या खरबरीत सालीवर पसरलेलीं. हवेंत ओल असते, पावसाळ्यांत तर पुष्कळच. पण कोंदट उकाडा मुळींच नाहीं. फुलण्याच्या दिवसांत उष्णतामान साठ ते ऐंशी अंश फॅरनहाइट, म्हणजे आजच्या मापानें पंधरा ते सत्तावीस अंश. दिवसा हवा आणि साल दोन्ही कोरडीं. आणि हिंवाळ्यांत? हिंवाळ्यांत जमिनीवर पांढरें दंव गोठतें! हें लिहून हूकर म्हणतो कीं, थंडी, उन्हाळा, शरदांतील कोरडेपणा आणि सर्वांत मुख्य म्हणजे मोकळा वारा, या ज्या गोष्टींवर वंदा जगतो, नेमक्या त्याच इंग्लंडांतील माळी त्याला लागूं देत नाहींत.

कर्कवृत्त या टेकड्यांच्या दक्षिणेस अगदीं जवळून जातें. नकाशावर पाहणाऱ्यास हा उष्णदेशच. पण डोंगराची उंची नकाशांतल्या रेघेला जुमानीत नाहीं, हें विलायतेंतील माळ्यास कळावयास शेंकडों रोपांचे बळी पडावे लागले.

आतां त्याच ग्रंथांतील तळटीप पाहावी. तेथें याच हूकरनें हिशेब मांडला आहे. क्यूसाठीं त्यानें या वंद्याचीं सात माणसांचीं ओझीं पाठविलीं. वाटेंतल्या अडचणींमुळें त्यांतील फारच थोडीं रोपें जिवंत पोंचलीं. एका गृहस्थानें ही जागा पाहून ठेवण्यासाठीं आपला माळी हूकरबरोबर दिला होता. त्या गृहस्थानें मागाहून एकच ओझें विलायतेस विक्रीला पाठविलें. तें अगदीं दीन अवस्थेंत पोंचलें, तरी तीनशें पौंडांस विकलें गेलें. एकेका रोपास तीन ते दहा पौंड आले. तीनशें पौंड म्हणजे त्या वेळच्या भावानें सुमारें तीन हजार रुपये. सगळीं रोपें जगतीं तर हजार पौंड मिळते, असें तो म्हणतो. आणि एखादा चलाख माणूस खासी मुलखांतील आमऱ्यांवर एका हंगामांत दोन-तीन हजार पौंड सहज कमावील, असाहि अंदाज देतो. एकाच पानावर वर वंद्याच्या घराचें इतकें मायेनें केलेलें वर्णन, आणि खालीं त्या घरांतून काय लुटतां येईल याचा आंकडा! हूकर लोभी नव्हता. स्वतः त्यानें यांत पैसा केला नाहीं. परंतु गांवाचें नांव, झाडाची जात, डोंगराची उंची, फुलण्याचा महिना आणि बाजारभाव, इतकें सगळें एका ठिकाणीं छापून दिल्यावर व्यापाऱ्यास आणखी काय हवें होतें? ज्या माणसाला वंदा सर्वांत चांगला समजला त्याच्याच हातून त्याचा पत्ता बाजारांत गेला, ही या हकीकतींतील दुःखाची गोष्ट.

दरम्यान थॉमस लॉबनें पाठविलेलीं रोपें व्हीचच्या बागेंत जगलीं आणि १८५० साल संपतां संपतां तेथें निळा वंदा विलायतेंत पहिल्या प्रथम फुलला. (हा लॉबहि अजब माणूस. पुढें फिलिपाइन बेटांतील प्रवासांत त्याला एक पाय गमवावा लागला.) त्या फुलाचा गवगवा झाला आणि मागणी दुणावली. पुढच्या पन्नास वर्षांत खासी टेकड्यांतून व मग ब्रह्मदेशांतून वंद्यांच्या टोपल्या निघतच राहिल्या.

येथें कोणी म्हणेल, झाडाचीं फुलें-रोपें नेलीं म्हणून काय बिघडलें? रान पुनः उगवतें. तुळस उपटली तर मंजिरींतून शंभर तुळशी येतात. आमरीचें तसें नाहीं. तिच्या एका बोंडांत लाखों बिया असतात हें खरें, पण त्या धुळीच्या कणाएवढ्या. त्यांत पिलासाठीं शिदोरी अशी जवळजवळ नसतेच. तांदळाच्या दाण्यांत कोंबाला पुरेल इतकें अन्न असतें, आमरीच्या बीला तें बाहेरून मिळवावें लागतें. तें मिळतें एका सूक्ष्म बुरशीकडून. ही गोष्ट १८९९ सालीं नोएल बर्नार या तरुण फ्रेंच शास्त्रज्ञानें उलगडली. योग्य बुरशी असलेल्या योग्य सालीवर लाखांतून एखादी बी पडावी, रुजावी आणि मग कित्येक वर्षांनीं तिला पहिला तुरा यावा, असा हा प्रकार. ग्रिफिथ, हूकर, लॉब, फाल्कनर यांपैकीं कोणालाहि हें ठाऊक असणें शक्य नव्हतें. शिवाय वंदा एकाच खोडावर वाढतो. कंदांच्या आमऱ्यांप्रमाणें त्याचे सहज तुकडे करून एकाचे चार करतां येत नाहींत. तेव्हां विलायतेंत विकलें गेलेलें जवळजवळ प्रत्येक रोप म्हणजे डोंगरावरील एक रिकामी झालेली फांदी. आणि फांदीच तोडली असेल तर तीहि शिल्लक नाहीं.

खासी लोकांत ‘लॉ किंतांग’ म्हणून देवाच्या राया आहेत. शिलाँगजवळ माफलांगची राई प्रसिद्ध आहे. तेथून एक पानहि बाहेर नेऊं नये असा दंडक. महाराष्ट्रांतील देवराया पाहिलेल्या माणसास हें नवें वाटणार नाहीं. अशा रायांनीं कित्येक आमऱ्या वांचविल्या. निळ्या वंद्याचें दुर्दैव असें कीं, दाट छायेची देवराई त्याला मानवत नाहीं. त्याला उघड्या माळावरचें, कोणाच्याहि नजरेंत न भरणारें वेडेंवांकडें झाड लागतें. अशा झाडाला देवहि राखीत नाहीं आणि सरकारहि. सरपणाला, कोळशाला, शेताला जागा करण्याला पहिली कुऱ्हाड त्याच्यावरच पडते. विसाव्या शतकांत व्यापाऱ्यांच्या टोपल्या कमी झाल्या तरी ही कुऱ्हाड चालूच राहिली. जैंतिया भागांत तर कोळशाच्या व चुनखडीच्या खाणींनीं डोंगराचें रूपच पालटलें.

कायद्याची हकीकत थोडक्यांत सांगतां येईल. भारताचा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यांत वनस्पतींचा समावेश १९९१ च्या दुरुस्तीनें झाला आणि ज्या मोजक्या वनस्पतींस तेव्हां संरक्षण मिळालें त्यांत निळा वंदा होता. दुर्मिळ प्राणी व वनस्पति यांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणारा आंतरराष्ट्रीय करार १९७३ सालीं वॉशिंग्टन येथें झाला. त्याच्या सर्वांत कडक अशा पहिल्या परिशिष्टांत वंद्यास कांहीं काळ जागा होती. २००४ सालीं बँकॉक येथील बैठकींत थायलंडच्या सूचनेवरून त्यास तेथून काढून दुसऱ्या परिशिष्टांत घातलें. रोपवाटिकांत हा वंदा आतां इतका तयार होतो कीं रानांतून चोरण्याचें कारण उरलेलें नाहीं, असा त्या बाजूचा युक्तिवाद होता. युक्तिवादांत तथ्य आहे. मात्र बाजारांत आलेलें रोप रोपवाटिकेंतलें कीं रानांतलें, हें नुसत्या नजरेनें ओळखणें भल्याभल्यांस साधत नाहीं.

रोपवाटिकांची ही करामत शक्य झाली तिचा धागा बर्नारच्या बुरशीपर्यंत जातो. १९२२ सालीं अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाचे प्राध्यापक लुईस नूडसन यांनीं दाखवून दिलें कीं, अगार व साखर घातलेल्या निर्जंतुक खळींत आमरीची बी बुरशीवांचूनहि रुजते. एका बाटलींत शेंकडों रोपें! त्यानंतर संकर करणाऱ्यांस ऊत आला. १९३१ सालीं फ्रान्समध्यें निळा वंदा आणि फिलिपाइन्सच्या मिंडानाओ बेटांतील थोराड फुलांचा एक वंदा यांचा संकर नोंदविला गेला. त्याचें नांव रॉथ्सचाइल्डियाना. आज फुलवाल्यांच्या दुकानांत जे भरगच्च जांभळे-निळे वंदे दिसतात, त्यांतील बहुतेकांच्या वंशावळींत कोठें ना कोठें हा खासी-ब्रह्मी पूर्वज सांपडतो. बँकॉकचे व्यापारी ते विमानानें जगभर धाडतात. मुंबई-पुण्याच्या लग्नमंडपांतहि ते दिसतात, आणि ते कोठले असें विचारलें तर उत्तर मिळतें, बँकॉकचे.

शिलाँग येथें भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचें राष्ट्रीय आमरी-गृह आहे. सिक्कीमांत पाक्योंग येथें १९९६ पासून आमऱ्यांचें स्वतंत्र राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. दूर दक्षिणेस, केरळांतील पालोड येथील वनस्पति-उद्यानांत दोघां संशोधकांनीं वंद्याचीं रोपें प्रयोगशाळेंत शेंकड्यांनीं वाढविलीं आणि त्यांतील कांहीं बाहेर नेऊन पोन्मुडीच्या बाजूस रानांतील झाडांवर बसविलीं. हें काम २००० सालीं प्रसिद्ध झालें. पोन्मुडी सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला आहे. जेथें वंदा पूर्वीं कधींच नव्हता तेथें तो असा जाऊन पोंचला. असें रोप फांदीवर प्रथम नारळाच्या काथ्यासारख्या कशानें तरी बांधून ठेवावें लागतें. मुळांनीं साल पकडली कीं बंधन आपोआप अनावश्यक होतें. ती फांदी निवडतांना मात्र आजहि हूकरनें लेर्नाईस टिपून ठेवलेल्या गोष्टीच पाहाव्या लागतात : ऊन पोंचतें कीं नाहीं, साल खरबरीत आहे कीं शेवाळलेली, आणि वारा मोकळा लागतो कीं नाहीं.